शिंगरू ते स्वारीचा घोडा : एका विस्मृत विद्येची हकिगत

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला की लेखणी आपोआप संतांकडे, नाहीतर रणधुरंधर पुरुषांकडे वळते. ते योग्यच आहे. ज्या नरसी गावी, परंपरेनुसार शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मध्ये, श्रीनामदेव महाराजांचा जन्म झाला, त्या कयाधूकाठच्या गावाशी ज्यांचे नाते आहे, त्या आम्हां शिंपी मंडळींस अभिमानाचा दुसरा विषय शोधावयास नको. तथापि यंदा आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. कोवळ्या शिंगरास खोगिराखाली आणून, रानावनाच्या वाटांवर चालवून, त्याचा विश्वासू स्वारीचा घोडा कसा बनवीत, त्या विद्येचा हा अल्पसा इतिहास आहे. ज्ञातिबंधूंना प्रथमदर्शनी हा विषय परका वाटेल. पण त्या घोड्याच्या पाठीवर जे घातले जाई, त्याचा एक धागा आपल्याच सुईतून गेलेला आहे, हे पुढे दिसून येईल.

हा विषय सुचण्याचे कारणही नरसीचेच आहे. आषाढीच्या वारीसाठी महाराजांची पालखी नरसीहून निघते आणि हिंगोलीस तिचे रिंगण होते. दाटीने उभा असलेला जनसमुदाय, टाळमृदंगाचा घोष, फडफडणाऱ्या पताका, आणि या सर्वांच्या मधून घोडा धावतो. घोडा हे जात्या भित्रे जनावर आहे. वाऱ्याने उडालेल्या चिंधीलाही तो बुजतो. रानात असता पळून जाणे हाच त्याचा एकमेव बचाव. असे जनावर एवढ्या कोलाहलात निःशंकपणे कसे धावते? लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. ती भावना वंदनीय आहे. परंतु त्या जनावराची भीती कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या रीतीने घालविली, हे विचारणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. सुमारे तीन तपे मुलांना शिकविण्यात गेल्यामुळे असेल, शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा शिकविणाऱ्याची चौकशी करण्याची आम्हांस सवय लागली आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. तेव्हा येथे पांडित्य नाही. वाचलेले, ऐकलेले व पाहिलेले एवढेच आहे.

ही विद्या फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्थानात बोगाझकोय या ठिकाणी हित्ती लोकांच्या हत्तुशा राजधानीचे अवशेष सापडले. तेथील मातीच्या विटांवर किक्कुली नावाच्या, मितन्नी देशातील एका अश्वशिक्षकाचा ग्रंथ कोरलेला आहे. तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. रथाच्या घोड्यांना दिवसामागून दिवस किती चालवावे, किती पळवावे, केव्हा पाणी दाखवावे, याचा तो तक्ताच आहे. आणि त्यात फेऱ्यांसाठी आलेले शब्द पाहून मराठी वाचक चकित होतो : एक फेरा तो ‘ऐकवर्तन्न’, तीन फेरे ते ‘तेरवर्तन्न’, पाच ते ‘पंझवर्तन्न’. आपले एक, त्रि, पंच आणि आवर्तन हे शब्द इतक्या दूरच्या देशी घोड्याच्या पाठोपाठ गेलेले होते.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. स्वारीच्या घोड्याच्या गती तेथे वर्णिल्या आहेत, त्यांतील एकीचे नाव ‘धोरण’ असे आहे. आज आपण सरकारचे धोरण, संस्थेचे धोरण असे म्हणतो. या दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकच आहे, असा आमचा आग्रह नाही. पण ज्याच्या चालीला धोरण नाही तो घोडा आणि तो मनुष्य दोघेही मुक्कामास पोहोचत नाहीत, एवढे म्हणावयास हरकत नसावी. पुढे इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात अश्वक्रीडेला ‘वाजिवाह्यालीविनोद’ असे नाव देऊन घोड्यांची पारख, त्यांना फिरविण्याचे मैदान व त्यांचे शिक्षण यांची चर्चा केली आहे. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. म्हणजे हा ग्रंथ आपल्या मराठवाड्याच्या अगदी शेजारचा आहे. तंजावरच्या मराठे राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरील सचित्र ‘अश्वशास्त्र’ होते. ते इ. स. १९५२ मध्ये छापून प्रसिद्ध झाले.

ग्रीस देशात झेनोफन नावाचा सेनानी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात होऊन गेला. अश्वारोहणावरील त्याच्या पुस्तकात दोन उपदेश आहेत. पहिला असा की, रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये. दुसरा असा की, मुलगा जसा कारागिराकडे उमेदवारीस ठेवतात, तसे शिंगरूही काय काय शिकवावयाचे ते लिहून ठरवून शिक्षकाच्या हवाली करावे, आणि मोतद्दाराने त्यास गर्दीतून हिंडवून नाना तऱ्हेच्या वस्तू व आवाज यांची ओळख करून द्यावी. ग्रीक असो, चालुक्य असो की मराठा. जनावर एकच असल्यामुळे अनुभवही एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

आता मराठ्यांकडे वळू. मराठ्यांच्या घोडदळाचे दोन भाग होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांवर एक हजारी व ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी. ही उतरंड शाळेतील मुलेही पाठ म्हणतात. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक बाब नोंदली आहे, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. दर २५ घोड्यांमागे एक पखालची आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांची सोय लागल्यावाचून २५ तलवारींना अर्थ नाही, हे त्या राजाने जाणले होते.

पावसाळ्यात लष्कर छावणीस येई, दाणागोटा व वैरणीची तजवीज आधीच केलेली असे, आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे. चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेस लुबाडाल. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका. असा त्याचा आशय आहे. राज्य उभारणाऱ्या पुरुषाने गवताच्या पेंढीपर्यंत लक्ष घालावे, यातच त्या घोडदळाचे रहस्य आहे. आमचा तर्क असा की, छावणीचे हे चार महिने नव्या शिंगरांना हात लावून माणसाळविण्याच्या फार उपयोगी पडत असावेत; कारण तेव्हा घोडा, मोतद्दार आणि शिक्षक तिघेही एका जागी असत.

त्या फौजेत भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतील तट्टे पुष्कळ असत. त्यांस भीमथडी म्हणतात. उंचीने बेताची, दिसावयास साधी, पण कोंड्यावर गुजराण करून मजलदरमजल चालणारी अशी त्यांची ख्याती होती. मराठेशाही बुडाल्यावर त्यांना कोणी विचारीनासे झाले आणि ती जात नामशेष झाली, असेच पुष्कळांस वाटत असे. समाधानाची गोष्ट ही की, इ. स. २०२३-२४ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद केली. तथापि जात म्हणजे कापडाचा तागा. त्यातून अंगरखा बेतावयाचा तर कारागीर लागतो. घोड्याचा कारागीर तो चाबूकस्वार.

‘चाबूकस्वार’ हा शब्द ऐकून चाबकाने फोडून काढणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. खरा चाबूकस्वार तसा नसे. शिंगरास शिकवून स्वारीस तयार करणारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून भरते. घोडे, गाढवे व उंट यांचा हा बाजार आपल्या भागात सर्वश्रुत आहे. तेथे घोड्यांच्या ओळींतून हिंडताना जुन्या जाणत्यांकडून आम्ही ज्या गोष्टी ऐकल्या व पाहिल्या, त्या क्रमाने देतो.

पहिली पायरी मोहरकीची. शिंगरू आईजवळ असतानाच त्यास मोहरकी घालून चार पावले चालविण्यास प्रारंभ करतात. अंगावर सर्वत्र हात फिरवावयाचा, कान, पोट, मांड्या, शेपटीचे मूळ, काही वगळावयाचे नाही. रोज खरारा करावयाचा. एकेक पाय उचलून खुरावर हलके टिचके मारावयाचे, म्हणजे पुढे नालबंदाच्या हातोडीस ते बुजत नाही. हे सर्व करताना तोंडाने चुचकारणे चालू ठेवावयाचे. मराठीत ‘चुचकारणे’ हा एवढा गोड शब्द आहे. तो याच कामाचा आहे.

दुसरी पायरी वाटेची. अजून पाठीवर काही नाही. माणूस बागदोर धरून पुढे चालतो आणि शिंगरू मागे. कयाधूच्या परिसरातील वाटा डोळ्यांसमोर आणा. कोठे काळ्या मातीचा रुतणारा चिखल, कोठे उघडा खडक, मध्येच ओढ्याचा उतार, पलीकडे बाभळीची काटेरी झुडपे, तुरीच्या उभ्या पिकातून अवचित उडणारा तितर, समोरून येणारी बैलगाडी, आणि वस्तीवरची कुत्री. शहाणा शिक्षक शिंगरास यांतील प्रत्येक वस्तूची भेट घडवून आणतो. बुजले तर ओढीत नाही आणि मारीतही नाही. तेथेच थांबतो, दोरी सैल ठेवतो, त्यास वस्तूकडे पाहू देतो, हुंगू देतो. शिंगराने मान खाली घालून लांब श्वास सोडला की समजावे, धडा झाला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे डाव्या अंगाने दाखविलेली वस्तू परतताना उजव्या अंगानेही दाखवावी लागते. नाहीतर जाताना शांत राहिलेला घोडा येताना त्याच दगडास बुजतो. पाण्याची भीतीही अशीच घालवितात. खळाळत्या ओढ्यात पुढे एखादा वयस्क घोडा घालावा, मागोमाग शिंगरू आपण होऊन उतरते. मुलांच्या शाळेतही धीट मुलाशेजारी बुजरे मूल बसविले की अर्धे काम होते, हे शिक्षकमात्रांस सांगावयास नको.

तिसरी पायरी काव्याची. लांब दोरीने घोड्यास आपल्याभोवती वर्तुळात फिरविणे यास ‘कावा देणे’ म्हणतात. गनिमी काव्यातला कावा शब्दरूपाने हाच. या फेऱ्यांत शिंगरास तोंडी शब्द शिकवावयाचे. चाल, थांब, वळ. डावे फेरे जितके, तितकेच उजवे. एका अंगाचा घोडा पुढे वळणावर दगा देतो. पण फेरे फार झाल्यास कोवळ्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून ते थोडे आणि वाट पुष्कळ, असे प्रमाण जाणते लोक सांगतात.

चौथी पायरी खोगिराची. प्रथम पाठीवर नुसती घडी केलेली घोंगडी. ती हुंगवून, मानेवरून सरकवीत पाठीवर न्यावयाची. काही दिवसांनी रिकामे खोगीर, तंग सैल. तंग एकदम आवळला तर शिंगरू श्वास कोंडून उसळते आणि तो आवळ त्याच्या आठवणीत जन्मभर राहतो. म्हणून एकेक बोट आवळीत जावयाचे, चार पावले चालवून पुन्हा पाहावयाचे. रिकिबी लोंबत्या सोडून वाटेने फिरवावयाचे, म्हणजे पोटावर काही आपटले तरी ते दचकत नाही. असे रिकामे खोगीर घेऊन शिंगरू ओढा ओलांडू लागले, की मगच मनुष्य.

पाचवी पायरी मांडीची. प्रथम हलका मनुष्य पाठीवर पोटाने ओणवा होतो आणि उतरतो. दुसऱ्या दिवशी पाय टाकतो. पहिले कित्येक दिवस फक्त पावलाची चाल, तीही अनुभवी घोड्याच्या मागून. दुडकी नंतर, दौड त्याहून नंतर. उतारावर लगाम ढिला सोडून त्यास आपला तोल आपण सांभाळू द्यावयाचा. चढावर अंग पुढे झुकवून पाठ हलकी करावयाची. घराकडे तोंड झाले की घोडा पळू पाहतो. तेथे त्यास पावलावरच आणावयाचे, आणि शेवटचा काही टप्पा स्वाराने उतरून पायी चालावयाचे. म्हणजे घोड्याचा श्वास बसतो, पाठ मोकळी होते, आणि घर म्हणजे पळण्याची जागा नव्हे हे त्यास कळते. ठाणावर आल्यावर खोगीर काढून पाठीवरून तळहात फिरवावयाचा. कोठे ऊन लागले, कोठे शिंगरू अंग चोरू लागले, तर दोष घोड्यात नाही, खोगिरात आहे.

येथे आपल्या ज्ञातीचा संबंध येतो. खोगीर म्हणजे कापड, नमदा व भरण यांची गादी. जीन व खोगीर घडविणे हा जीनगर बांधवांचा परंपरेचा व्यवसाय. त्यांच्याच नावात तो आहे. त्यांचा मान आम्ही हिरावून घेऊ इच्छीत नाही. परंतु लष्कराच्या मुक्कामाला राहुट्या व कनाती लागत, घोड्याला झूल लागे, दाण्यासाठी तोबरा लागे, स्वारास अंगरखा लागे, आणि हे सारे टाक्यांचे काम होते. खोगिराच्या पोटात ज्या चिंध्या भरीत, त्या बहुधा शिंप्याच्या कातरीखालच्याच असणार. त्यावरूनच ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरणीसाठी रूढ झाला. मोठ्या समारंभात शोभेपुरत्या बसविलेल्या माणसांना आपण खोगीरभरती म्हणतो. हा त्या भरतीवर अन्यायच आहे. ज्याने घोडा पाळला त्यास विचारा. भरण एकसारखे नसेल, एखादी गाठ राहिली असेल, दोन गाद्यांच्या मधली पन्हळ बुजून कण्यावर भार येत असेल, तर दोन मजलांत घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा महिना महिना उभा राहतो. स्वार पायउतार होतो. शिंगराच्या बाबतीत तर याहून अधिक. पहिलेच खोगीर टोचले, तर माणूस पाठीवर येणे म्हणजे दुःख, असा धडा ते शिकते, आणि मग तो कोणत्याही चाबूकस्वारास सहजासहजी पुसता येत नाही. आत लपलेली, कोणाच्या दृष्टीस न पडणारी चिंधी नीट बसविणारा हात हा इतिहासाचा भाग आहे. बखरीत त्याचे नाव येत नाही, एवढेच.

आता हिंगोलीकडे येऊ. इ. स. १८१९ पासून इ. स. १९०३ पर्यंत हिंगोली हे निजामाच्या नावे पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली असलेल्या फौजेचे ठाणे होते. पुढे या फौजेस हैदराबाद कंटिंजंट हे नाव पडले. तिच्या रिसाल्यांत शिलेदारीची पद्धत चालू राहिली. स्वाराने आपला घोडा आणि साहित्य आणावे, सरकारने पगार द्यावा; आणि ज्याचा घोडा दुसऱ्याच्या मालकीचा, तो बारगीर. शब्द शिवकालातले, धनी मात्र पालटलेले. अशा छावणीमागे दाणेवाला, नालबंद, जीनगर, शिंपी यांची पेठ उभी राहते, ही सर्वत्रची रीत आहे.

या प्रकरणात एक गोष्ट सांगताना लेखणी अडखळते. परंतु स्मरणिकेत गोड तेवढेच लिहावयाचे असा दंडक असेल, तर त्यास इतिहास म्हणू नये. इ. स. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई वेढ्यातून निसटून काल्पीकडे गेली. ती उत्तम घोडेस्वार व घोड्यांची उत्तम पारखी होती. तिचा पाठलाग करणाऱ्यांत याच हैदराबाद कंटिंजंटचे स्वार होते. ज्या विद्येने राणीस वेढ्याबाहेर काढले, तीच विद्या तिच्या पाठीस लागलेल्या स्वारांजवळही होती. दोन्हीकडची कित्येक शिंगरे याच देशीच्या वाटांवर शिकलेली असतील. तेव्हा विद्येचा अभिमान बाळगताना ती कोणाच्या कामी आली, हेही विचारणे आपणांस प्राप्त आहे.

इ. स. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्यातील एक रिसाला ‘२० वा डेक्कन हॉर्स’ या नावाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेला. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वुडजवळ त्याने घोड्यांवरून हल्ला चढविला. पलीकडे यांत्रिक तोफा होत्या. घोडदळाचे युग संपत आल्याची ती खूण होती. इ. स. १९२१ मध्ये दोन रिसाले एक होऊन डेक्कन हॉर्स ही पलटण बनली. पुढे तिच्यात घोड्यांच्या जागी रणगाडे आले, आणि इ. स. १९६५ च्या युद्धात पंजाबातील असल उत्तर येथे तिने रणगाड्यांनिशी पराक्रम केला. नावात मात्र अजून ‘हॉर्स’ आहे.

पलटणीतला घोडा गेला, तरी लोकजीवनातला गेला नाही. पक्क्या सडका होईपर्यंत आपल्या भागात दौऱ्यावर निघणारे अंमलदार, सावकार व वैद्य तट्टावरूनच फिरत. आज माळेगावचा बाजार आहे, तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार आहे, नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब येथे घोड्यांची पागा आहे, आणि वारी आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी पायी आळंदीस येतात. एकावर जरीपटक्याचा स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून रिकामा चालतो. या पायी येण्यात परंपरा तर आहेच, पण शिक्षणही आहे. अंकली ते आळंदी ही वाट चालून आल्यावर त्या जनावरास लोकांची, वाहनांची, वाद्यांची ओळख झालेली असते. गर्दीसाठी घोडा गर्दीतच तयार होतो. वाहनात घालून आयत्या वेळी आणून उभा केलेला नव्हे.

दुर्दैवाने सर्वत्र असे घडत नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. लग्नसराईत वरातीसाठी जे घोडे येतात, त्यांतील कित्येक अगदी कोवळे असतात. दोन वर्षे पुरी झाली नाहीत तोच पाठीवर नवरदेव, कानाशी कर्णकर्कश वाद्ये, पायांखाली डांबर आणि तोंडात काटेरी कडियाळे. घोड्याचे पहिले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, सर्व दात पालटावयास साडेचार-पाच वर्षे लागतात, आणि पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच वर्षांच्याही पुढे चालू असते, असे आज पशुवैद्यक सांगते. म्हणून तिसऱ्या वर्षी पाठीवर हलका मनुष्य थोडा वेळ घ्यावा, चौथ्या वर्षी काम हळूहळू वाढवावे, आणि पूर्ण भार पाचव्यानंतर, हा क्रम शहाणपणाचा आहे. काटेरी कडियाळे वापरण्यास इ. स. १९६५ च्या भारवाही जनावरांविषयीच्या नियमांनी मनाई केलेली आहे. साठ वर्षांपूर्वीचा हा नियम किती जणांस माहीत आहे? काट्याने थांबलेला घोडा शिकलेला नसतो. तो केवळ दुखावलेला असतो. एखाद्या दिवशी दुखण्यापेक्षा भय मोठे झाले की तो उधळतो, आणि मग मुलेबाळे टापांखाली येतात. अशी बातमी आली की लोक घोड्यास दोष देतात.

तेव्हा ज्ञातिबंधू-भगिनींस आमची चार गोष्टींची विनंती आहे. वरातीस वा मिरवणुकीस घोडा ठरविताना प्रथम त्याचे वय विचारावे. पाच वर्षांखालचा असल्यास नको म्हणावे. दुसरे, त्याचे तोंड व पाठ पाहावी. काटेरी कडियाळे किंवा खोगिराखाली जखम दिसल्यास पैसे परत न मागता घोडा परत पाठवावा. पैशाचा हिशेब मागाहून होईल, जनावराची पाठ मागाहून होत नाही. तिसरे, ज्यांच्या घरी सुईदोरा अजून चालतो, त्यांनी पालखीच्या घोड्याची झूल व खोगिराची गादी वर्षातून एकदा उसवून, भरण झाडून, पुन्हा नीट घालून देण्याची सेवा पत्करावी. महाराजांच्या पायी याहून उचित टाका कोणता पडेल? आणि चौथे, मोहरकी, बागदोर, कावा, तंग, दुमची, तोबरा, खरारा हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत, अशा वृद्धांकडून ते अर्थासह लिहून घ्यावेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस दोन पाने मिळावीत, अशी संपादक मंडळास प्रार्थना आहे.

नामदेव महाराज स्वतः पायी हिंडले. नरसीपासून पंढरपूर आणि पंढरपुरापासून पंजाबातील घुमानपर्यंत त्यांच्या नावाची वाट गेलेली आहे. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि ते भाविकही नरसीस येऊन मस्तक ठेवतात. प्राणिमात्रांत विठ्ठल पाहणाऱ्या या संताच्या पालखीपुढे जो घोडा चालेल, त्याच्या तोंडात काटा नसावा आणि पाठीवर जखम नसावी, एवढे पाहणे त्यांच्या ज्ञातीस अशक्य नाही. ते पाहण्यास या वर्षीच्या आषाढीपासूनच प्रारंभ व्हावा, अशी आशा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.